अमेरिकी सैन्य आणि वंशभेद: पाच बैठकींचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

ठाणे किंवा नवी मुंबईत हा विषय मांडायला बसले की समोर साधारण दोन प्रकारचे श्रोते येतात. एक, ऐरोली-घणसोलीच्या कार्यालयांत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी करणारे तरुण, ज्यांना तिकडच्या शहरांची नावे, सुट्ट्या आणि बोलण्याची ढब तोंडपाठ असते. दुसरे, ज्यांच्या घरच्या भिंतीवर गणवेशातल्या आजोबांचा फोटो असतो आणि ज्यांना पलटण, हुद्दा, पेन्शन या गोष्टी आतून ठाऊक असतात. पहिल्यांना अमेरिका ओळखीची आणि लष्कर परके, दुसऱ्यांचे नेमके उलटे. या दोघांना एका सतरंजीवर बसवून पाच बैठकींत हा इतिहास कसा वाचावा, एवढ्यापुरतीच ही टिपणे आहेत.

बैठकीची वेळ शनिवारी संध्याकाळी पाचची ठेवावी. रविवारी मेगाब्लॉक असला की कळवा-मुंब्र्याहून येणारे निम्म्या वाटेवरून परत जातात, आणि शुक्रवारची रात्रपाळी संपवून झोप काढलेली मुले शनिवारी संध्याकाळपर्यंत ताजी झालेली असतात. वीसपेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, कारण या वर्गात ऐकण्यापेक्षा कागद वाचण्याचे काम अधिक असते.

लढायांपासून सुरुवात करू नये

ही सूचना मी स्वतःच्या चुकीवरून देतो. पहिल्यांदा वर्ग घेतला तेव्हा मी लढायांची यादी, पराक्रमाच्या कथा आणि पदके असा थाट मांडला होता. अर्ध्या तासाने मागे बसलेल्या एका निवृत्त नायब सुभेदारांनी हात वर करून विचारले, ‘‘हे सगळं ठीक आहे हो, पण पगार किती होता? आणि माणूस पडला तर बायकोच्या हातात काय पडत होतं?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा ध्यानात आले की वंशभेदाचा सगळा व्यवहार त्या प्रश्नातच उघडा पडतो. तेव्हापासून मी प्रत्येक कालखंडाला तेच चार प्रश्न विचारायला लावतो: पगार किती, काम कोणते, हुद्दा कुठवर, आणि गणवेश उतरवल्यावर काय. फळ्याच्या डाव्या कडेला हे चार प्रश्न पाचही बैठकींत लिहिलेले राहू द्यावेत.

शब्द आधी ठरवून घ्यावेत

या विषयात मराठी शब्द स्वतःचा इतिहास घेऊन येतात. ‘वर्णभेद’ म्हटले की निम्मा वर्ग कातडीच्या रंगाबद्दल बोलत असतो आणि निम्मा चातुर्वर्ण्याबद्दल, आणि दहा मिनिटांनी दोघेही एकमेकांवर चिडलेले असतात. म्हणून अमेरिकेपुरता ‘वंशभेद’ हाच शब्द धरावा. ‘सेग्रिगेशन’साठी काहीजण ‘विलगीकरण’ वापरतात, पण करोनाच्या साथीनंतर त्या शब्दाला दवाखान्याचा वास लागला आहे. त्यापेक्षा वेगळी पलटण, वेगळे भोजनगृह, बसमधली वेगळी जागा असे जे असेल ते सरळ सांगावे. ‘निग्रो’ हा शब्द जुन्या कागदपत्रांत ठायी ठायी येतो. दस्तऐवज मोठ्याने वाचताना तो आहे तसा वाचावा, आपल्या बोलण्यात मात्र ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकी अमेरिकी’ म्हणावे, आणि हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकावा.

शब्दांच्या या चर्चेतच जोतीराव फुल्यांचा उल्लेख करणे सोयीचे पडते. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा तिथले उत्तरेकडची राज्ये आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्ये यांच्यातले यादवी युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. म्हणजे आपल्याकडे ही तुलना दीडशे वर्षांची जुनी आहे, वर्ग घेणाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही, हे श्रोत्यांना कळते आणि ‘‘अमेरिकेचं आम्हाला काय करायचंय?’’ हा प्रश्न निम्मा तिथेच विरतो.

पहिली बैठक: तेरा डॉलर आणि सात डॉलर

१ जानेवारी १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि त्यात कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचा मार्ग मोकळा केला. (वर्गात कोणीतरी १ जानेवारी १८१८ आणि कोरेगाव भीमाची आठवण काढतोच, तारखांचा योगायोग म्हणून हसून पुढे जावे, त्यावर सिद्धांत उभारू देऊ नये.) युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या भूदलात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले, आणि त्यांच्या पलटणींवर अधिकारी जवळजवळ सगळे गोरे होते.

आता फळ्यावर दोन आकडे लिहावेत. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. कृष्णवर्णीय शिपायाला १० डॉलर, आणि त्यातून कपड्यांचे ३ डॉलर कापून हातात ७. या फरकाला १८६२ च्या कायद्याचा आधार दिला जात होता, कारण तो कायदा करताना कृष्णवर्णीय माणूस बंदूक चालवणारा सैनिक म्हणून नव्हे, तर खंदक खणणारा मजूर म्हणून डोळ्यांसमोर होता. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा पगार घेण्यासच नकार दिला. राज्य सरकारने वरचा फरक आपल्या खजिन्यातून भरून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा तोही त्यांनी नाकारला, कारण प्रश्न सहा डॉलरचा नव्हता, शिपाई म्हणून मोजले जाण्याचा होता. त्या काळात त्यांनी जुलै १८६३ मध्ये दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर चढाई केली आणि पगाराविना रक्त सांडले. दक्षिण कॅरोलायनातल्या दुसऱ्या एका पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर याने पगाराच्या अन्यायाविरुद्ध आपल्या माणसांना शस्त्रे खाली ठेवायला लावली, तेव्हा बंडाचा आरोप ठेवून फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पगार समान केला, पण त्यातही मेख ठेवली: १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी, बाकीच्यांना १ जानेवारी १८६४ पासूनची. पलटणीत पळून आलेले गुलामही होते. त्यावर ५४व्या पलटणीचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी एक शपथ तयार केली, की त्या तारखेला माझ्या विनामोल श्रमावर कोणाचाही हक्क नव्हता. गुलामालाही ही शपथ खोटे न बोलता घेता येत होती, कारण ईश्वराच्या दरबारी तसा हक्क कोणाचाच नसतो. सरकारी कार्यालयात प्रतिज्ञापत्र करून आलेल्या आपल्या लोकांना ही युक्ती चटकन समजते आणि बैठकीतला हा भाग सर्वांत रंगतो. त्याला घाईने संपवू नये.

युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या कायम पलटणी उभ्या राहिल्या, त्यांतल्या चार पुढे टिकल्या आणि त्यांना पश्चिमेकडे मूलनिवासी जमातींविरुद्ध वापरण्यात आले. हे सांगताना गौरवाचा सूर आपोआप खाली येतो, आणि तो येऊ द्यावा.

दुसरी बैठक: १९१७ ते १९२३

पहिल्या महायुद्धात दोन लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय सैनिक समुद्रापार गेले, पण त्यांतल्या बहुतेकांना बंदरावर माल उतरवणे, रस्ते बांधणे, प्रेते पुरणे अशी कामे मिळाली. न्यूयॉर्कची ३६९वी पलटण लढली खरी, पण ती अमेरिकी सेनापतींनी फ्रेंचांच्या हवाली केली म्हणून. १९१ दिवस आघाडीवर राहिलेल्या या पलटणीला फ्रान्सने गौरवले. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी जुलै १९१८ मध्ये आपल्या लोकांना सांगितले होते की युद्ध चालू असेतो आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवा. त्याच ड्युबॉइसांनी मे १९१९ मध्ये लिहिले की आम्ही परतलो आहोत, ते लढत परतलो आहोत. हे दोन्ही मजकूर लहान आहेत. दोन वेगळ्या जणांकडून लागोपाठ वाचून घ्यावेत आणि मधल्या दहा महिन्यांत काय घडले ते श्रोत्यांना शोधायला लावावे. त्यानंतर १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले आणि परतलेल्या सैनिकांचा गणवेशच काहींच्या डोळ्यांत खुपला.

या बैठकीचा उत्तरार्ध भगतसिंग थिंद यांच्यासाठी राखून ठेवावा. पंजाबातून गेलेले थिंद १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झाले आणि सन्मानाने मुक्त झाले. नागरिकत्व त्या काळी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शकत होते, म्हणून आपण ‘गोरे’ ठरतो हे थिंद यांना सिद्ध करावे लागले. आणि त्यासाठी त्यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद असा होता की ते उच्चजातीय हिंदू आहेत, आर्य वंशाचे आहेत, आणि खालच्या वंशांशी त्यांच्या रक्ताची सरमिसळ झालेली नाही. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, एवढाच त्या निकालाचा इत्यर्थ. थिंद यांना कायमचे नागरिकत्व मिळाले ते १९३६ मध्ये, महायुद्धातील माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्याच्या आधारे.

इथे वर्गात वाद होणार हे गृहीत धरावे. एकजण म्हणतो, बिचाऱ्यावर अन्याय झाला. दुसरा विचारतो, जातीची शिडी लावून वर चढू पाहणाऱ्याबद्दल आम्ही हळहळायचे कशाला? दोघांचेही म्हणणे पूर्ण होऊ द्यावे. माझे मत विचाराल तर दोन्ही खरे आहे, आणि अमेरिकेचा वंशभेद व आपली जात एका खटल्याच्या कागदावर भेटलेले असे उदाहरण क्वचितच सापडते.

तिसरी बैठक: एक छोटासा आदेश

दुसऱ्या महायुद्धाची प्रस्तावना थोडक्यात आटपावी. १९४१ मध्ये कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याची धमकी दिली, तेव्हा जूनमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील नोकऱ्यांत भेदभावाला मनाई केली. सैन्यातल्या वेगळ्या पलटणी मात्र तशाच राहिल्या. युद्धकैदी म्हणून आणलेल्या जर्मनांना ज्या उपाहारगृहात बसून जेवता येई, तिथे अमेरिकी गणवेशातल्या कृष्णवर्णीय शिपायाला मागच्या दाराने डबा घ्यावा लागे. त्याच काळात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले होते आणि त्यांच्यातलीच मुले ४४२व्या पलटणीतून युरोपात लढत होती.

मग आयझॅक वुडर्ड यांची हकीकत सावकाश सांगावी. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी जॉर्जियातल्या छावणीतून सार्जंट वुडर्ड सेवामुक्त झाले आणि गणवेशातच बसने घरी निघाले. वाटेत प्रसाधनगृहासाठी थांबण्यावरून बसचालकाशी बाचाबाची झाली, दक्षिण कॅरोलायनातल्या एका गावात त्यांना खाली उतरवून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले, आणि दंडुक्याच्या मारहाणीत त्यांचे दोन्ही डोळे गेले. पोलीसप्रमुखावर खटला चालला. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने त्याला जेमतेम अर्ध्या तासात निर्दोष ठरवले. या घटनेने अध्यक्ष ट्रूमन हादरले. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी नागरी हक्कांसाठी समिती नेमली. १९४८ च्या मार्चमध्ये रँडॉल्फ यांनी सिनेटच्या समितीसमोर जाऊन सांगितले की वेगळ्या पलटणींचे सैन्य राहणार असेल, तर आम्ही तरुणांना भरतीला नकार द्यायला सांगू. २६ जुलै १९४८ रोजी ट्रूमन यांनी ९९८१ क्रमांकाचा आदेश काढला.

हा आदेश अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्याच्या प्रती वाटाव्यात आणि प्रत्येकाला पेन देऊन एकच काम सांगावे: वेगळ्या पलटणी बंद करा असे जिथे लिहिले असेल तिथे खूण करा. पाच मिनिटे शांतता पसरते, मग कुजबुज सुरू होते, कारण तसे वाक्यच त्यात नाही. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश न पाहता सर्वांना समान वागणूक व समान संधी असे धोरण त्यात जाहीर केले आहे, आणि ते शक्य तितक्या लवकर, पण कार्यक्षमता व मनोधैर्य यांना धक्का न लावता अमलात आणावे असे म्हटले आहे. ‘शक्य तितक्या लवकर’ याचा अर्थ शासन निर्णय वाचण्याची सवय असलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. भूदलाचे मंत्री केनेथ रॉयल या बदलाच्या विरोधात होते आणि त्यांना १९४९ मध्ये पद सोडावे लागले. कोरियाच्या युद्धात गोऱ्या पलटणींत माणसे कमी पडू लागली तेव्हा सेनापतींनी कृष्णवर्णीय शिपाई त्यांत मिसळले. १८६० च्या दशकापासून चालत आलेली २४वी पायदळ पलटण १९५१ मध्ये मोडली गेली आणि शेवटची वेगळी तुकडी १९५४ मध्ये संपली. आदेशाची तारीख आणि अंमलाची तारीख यांत सहा वर्षे गेली.

चौथी बैठक: गणवेश उतरवल्यावर

१९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी पैसा आणि घरकर्जाला सरकारी हमी दिली. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज स्थानिक बँक देणार आणि शिफारस स्थानिक कार्यालय करणार. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांच्या १९४७ मधल्या पाहणीत हमी दिलेली ३,२२९ कर्जे मोजली गेली. त्यांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली कर्जे होती २. घर नावावर असणे म्हणजे पुढच्या पिढीच्या हातात काय असणे, हे सिडकोच्या सोडतीत नशीब काढून पाहिलेल्या किंवा इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेत तासन् तास बसलेल्या श्रोत्यांना समजावण्याची गरज नसते. हा आकडा सांगून थांबावे आणि त्यांना बोलू द्यावे.

व्हिएतनामचा भाग लवकर उरकला तरी चालतो. महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सक्तीच्या भरतीतून सवलत होती, आणि महाविद्यालयात कोण जाऊ शकत होते हा प्रश्न विचारला की बाकीचे आपोआप कळते. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी एप्रिल १९६७ मध्ये भरतीला नकार दिला आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. त्याच १९७१ मध्ये वंशसंबंधांचे प्रशिक्षण देण्यासाठी लष्कराला स्वतंत्र संस्था काढावी लागली, आणि १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली.

उरलेल्या वेळात वजाबाकी करून घ्यावी. फळ्यावर घटनेचे वर्ष आणि चूक दुरुस्त केल्याचे वर्ष लिहून फरक श्रोत्यांनीच सांगावा. फोर्ट वॅग्नरवर ध्वज सावरणारे विल्यम कार्नी: १८६३, सर्वोच्च पदक (मेडल ऑफ ऑनर) १९००. टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिल गावातल्या गोळीबाराचा ठपका ठेवून, खटला न चालवता काढून टाकलेले १६७ शिपाई: १९०६, निर्दोषत्व १९७२. ह्यूस्टनच्या दंगलीनंतर दोषी ठरवलेले आणि त्यांतले फासावर चढवलेले १९ शिपाई: १९१७, शिक्षा रद्द २०२३. ३६९व्या पलटणीतले हेन्री जॉन्सन: १९१८, सर्वोच्च पदक २०१५. कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो या नौदलाच्या तळावर दारूगोळ्याच्या स्फोटात ३२० माणसे मेल्यावर पुन्हा दारूगोळा चढवायला नकार देणारे ५० खलाशी: १९४४, निर्दोष २०२४. दुसऱ्या महायुद्धातील एकाही कृष्णवर्णीयाला सर्वोच्च पदक मिळाले नव्हते. १९९७ मध्ये सात जणांना दिले गेले, तेव्हा त्यांतले व्हर्नन बेकर तेवढे हयात होते. ही वजाबाकी मुलांकडून करून घेतली तर उत्तम, कारण आकडा स्वतःच्या तोंडून निघाला की लक्षात राहतो.

पाचवी बैठक: आपल्याकडचे कागद

महार सैनिकांशी तुलना पहिल्याच दिवशी सुरू होऊ पाहते. ती पाचव्या बैठकीपर्यंत रोखून धरावी, नाहीतर अमेरिका बाजूलाच राहते. साम्ये ठळक आहेत. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांतापायी महारांची भरती बंद केली, निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरती पुन्हा खुली व्हावी म्हणून अर्ज लिहिले, १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर मोडली गेली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९४६ मध्ये ड्युबॉइस यांना पत्र लिहिले होते, हेही इथे सांगावे.

पण फरकही तितक्याच ठामपणे मांडावेत. अमेरिकेच्या भूदलात १८६३ नंतर भरती बंद नव्हती, वेगळी होती. आपल्याकडे दारच बंद झाले होते. तिथे सैन्य स्वतःच्या प्रजासत्ताकाचे होते, इथे परक्या राजवटीचे. दोन्हीकडच्या अर्जांत ‘आम्ही लढलो, म्हणून हक्क द्या’ हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात येते, आणि त्यावर एका श्रोत्याने विचारलेला प्रश्न मी आता दरवेळी मुद्दाम काढतो: ज्या बाईने कधी बंदूक धरली नाही, तिने हक्क कशाच्या जोरावर मागायचा?

शेवटचा पाऊण तास घरून आणलेल्या कागदांसाठी ठेवावा. सेवामुक्तीची पुस्तिका, पेन्शनचा आदेश, गणवेशातला फोटो, जे असेल ते. मूळ कागद कोणाकडूनही ठेवून घेऊ नये, त्याला सेलोटेप लावू नये आणि त्यावर पेनाने काही लिहू नये. खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, नाव, पलटण, भरतीचे व निवृत्तीचे वर्ष वेगळ्या वहीत उतरवावे, आणि ज्यांचा कागद आहे त्यांनाच फळ्यावरचे चार प्रश्न वाचून त्यांची उत्तरे द्यायला सांगावीत.